रविवारी, एक ते चार

पाटी मीच रंगवली. किल्ली समोरच्या पेट्रोलपंपावर मिळते.
इमारत जुन्या चीज कारखान्याची;
कारखाना त्र्याहत्तरला गेला,
वास अजून ओल्या हवेत भिंतीतून डोकावतो.

ब्रॅकन फ्लॅट जिल्हा संग्रहालयात आम्ही सहाजण.
पगार कुणालाच नाही,
चहा ज्याचा त्याचा, बिस्किटं आळीपाळीने.
बर्ट स्कूलर लोकर कातरायची यंत्रं पुसतो,
जणू उद्या सकाळी मेंढ्या यायच्याच आहेत.
मी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली
म्हणून लेबलं माझ्याकडे:
कोण कुठे उतरलं, एवढं मला ठाऊक असतं.

'जिल्ह्याची स्थापना १८७१'
या फळ्याखाली मेरेआना टिपेने
पहिल्याच दिवशी पेन्सिलने लिहिलं,
'त्याआधी आम्ही काय पाहुणे होतो?'
तीन सभा झाल्या त्यावर. एक राजीनामा.
शेवटी फळा बदलला,
आणि राजीनामा देणारा मागच्या दाराने परत आला,
कारण छप्पर गळत होतं
आणि शिडी त्याची होती.

नोलीन गॅड्सबी मात्र आपली खुर्ची सोडत नाही.
समोर टेलिफोन एक्स्चेंजचा लाकडी फलक,
चाळीस भोकं, चाळीस घरं.
अठराव्या वर्षी ती या फलकासमोर बसली
ती तार तुटेपर्यंत:
कानाला हेडफोन, तोंडाला कुलूप.
कुणाचं बाळ आडवं आलंय, कुणाची जमीन बँकेकडे,
रात्री अकराला कोण कुणाला
नुसतं 'आहेस ना?' विचारायचं,
सगळं तिच्या कानांतून गेलं
आणि पलीकडे कुठेच निघालं नाही.

सहलीला आलेली पोरं विचारतात,
'चोरून ऐकायचात?'
'ऐकावंच लागायचं,' ती म्हणते,
'नाहीतर बोलणं संपलं हे कळणार कसं?'

खिडकीशी एक फोटो आहे.
छप्पन सालचा, लोकर-हंगाम संपल्याचा नाच.
सोळा माणसं, नावं पंधरा.
डावीकडून चौथी, ठिपक्यांच्या झग्यातली,
तिच्याखाली मी टाइप केलं होतं,
'अनोळखी स्त्री.'
सगळ्यांना विचारून झालं होतं.
नोलीनलाही. ती म्हणाली होती, 'बिस्किटं संपलीत.'

गेल्या जुलैत दक्षिणेचा वारा दारं वाजवत होता.
वहीत दिवसभरात एकच सही:
ऑकलंडचा एक गृहस्थ, सत्तरीकडे झुकलेला,
हातात दत्तकपत्राची प्रत,
तिच्यावर आमच्या गावाचं नाव.
फोटोसमोर तो इतका वेळ उभा राहिला
की हीटरचं नाणं संपलं.
'ह्या कोण?'
मी म्हणालो, 'कुणालाच माहीत…'

खुर्ची कुरकुरली.
नोलीनने त्याच्याकडे पाहिलं, मग फोटोकडे,
मग हेडफोन चढवला
आणि एक दोरी सत्तावीस नंबरात खुपसली.
चाळीस वर्षं मेलेली लाइन.
ती थांबून राहिली, मान थोडी कलती,
कुणी उचलतंय का बघत.
नंतर दोरी काढून घेतली.

'टेकडीमागचं घर,' ती म्हणाली.
'तिथे आता दुखावणारं कुणी उरलं नाही.
बसा.'
आणि माझ्याकडे न बघता,
'किल्ली मी देईन पंपावर.'

मी निघालो. पावणेसातला गाडी वळवून आलो
तर खिडकीत दिवा होता.
दोन कप. बिस्किटांचा नवा पुडा फोडलेला.

पुढच्या रविवारी लेबलावर
'अनोळखी' या शब्दावरून पेन्सिलची एक रेघ.
नाव लिहिलेलं नव्हतं.
उरलं होतं, 'स्त्री.'

मी विचारलं नाही. नवं लेबलही केलं नाही.
नोंदवही उघडली, तारीख घातली
आणि त्या रेघेला
पुढचा क्रमांक दिला.