तोंड कुठंय, सर?

पत्रकावर छापलं होतं: एक रात्र ज्वालामुखीत.
माणशी साडेआठशे, चहा आणि कडक भाकरी धरून,
अंथरूण ज्याचं त्यानं आणायचं.
मी आमच्याच कारखान्यातली चादर घेतली,
काठाचं सूत सुटलेली, दुय्यम मालातली,
आणि रात्री नऊला कन्ना चौकात उभी राहिले
गॅसवर दूध ठेवून आल्यासारखी.

टेम्पोत आम्ही अकरा.
पॉलिटेक्निकची दोन पोरं, मांडीवर ड्रोन.
एक नवं जोडपं, भांडून आलेलं,
दोघांच्या मध्ये पिशवी.
अंबव्वा गाजुल, चाळीस वर्षं विड्या वळलेली,
‘पोरगा देवळाला म्हणून बसवून दिला की मला,’
असं दर थांब्याला सांगणारी.
आणि पुढं ड्रायव्हरशेजारी कलशेट्टी सर,
भूगोलातून निवृत्त झालेले,
भूगोलानं न सोडलेले.

कुंभारीच्या पुढं डांबर संपलं.
बाभळी काचेला घासल्या,
आणि टेम्पो थांबला एका बंद खाणीच्या काठावर.
खाली हिरवट पाणी, अर्धा बुडालेला टायर,
समोर काळी भिंत, टॉर्चच्या उजेडात घामेजल्यासारखी.

‘तोंड कुठंय, सर?’
ड्रोन वर गेला, घोंघावत फिरून आला.
पडद्यावर सगळीकडं सारखाच अंधार.

‘तोंड नाही,’ सर म्हणाले.
‘साडेसहा कोटी वर्षांमागं जमीन भेगाळली,
उन्हाळ्यात आपलं रान भेगाळतं तशी, पण कोसच्या कोस.
आतलं सगळं वर आलं, उतू गेलं,
पसरलं, निवलं, त्यावर पुन्हा पसरलं.
डोंगर फुटला नाही, बाळांनो.
इथं डोंगरच नव्हता.
तुम्ही रोज त्याच्यावरूनच दूध आणायला जाता.’

‘साडेआठशे रुपये,’ जोडप्यातला तो म्हणाला, एवढंच.
ती हसली. पिशवी खाली ठेवली.

सरांनी भिंतीतली तांबडी रेघ दाखवली, वीतभर, विटकरी.
दोन आगींच्या मध्ये इथं पाऊस पडला होता,
माती झाली होती, काहीबाही उगवलंही असेल.
मग ती भाजली.

‘आणि ही भोकं कशाची, सर?’ अंबव्वा.
‘बुडबुडे, आई. वाफ निघता निघता दगड झाला.’
‘म्हंजे श्वास अडकला म्हणा की त्याचा.’
तिनं करंगळी आत घातली
आणि बराच वेळ काढली नाही.

चादर अंथरून पडले तर दगड पाठीला ऊन लागला.
‘आतली आग, सर?’ एका पोराचा आवाज, अंधारातून.
हो म्हणाले असते तर आमचे पैसे वसूल होते.
‘नाही रे. कालचं ऊन.’

मला अप्पा आठवले.
मिलच्या बॉयलर खात्यात होते.
मिल बंद झाली त्या दिवशी डबा धुतला, पालथा घातला,
आणि पुढची एकोणीस वर्षं
जेवताना फक्त ‘मीठ’ म्हणाले.
मी वाट बघायची, एकदा कुठून तरी फुटतील.
ते उशीच्या अभ्र्यातून येत होते,
चपलेच्या झिजलेल्या अंगठ्यातून,
रात्री तीनदा तपासलेल्या कडीतून.
मी आपली तोंडाकडं बघत बसलेली.

तिकडं लांब, शहराच्या बाजूला, धूर नसलेली चिमणी
दिसतेय असं वाटलं.
दिसत नसावी. इतक्या लांबून कशी दिसेल.

पहाटे भाकरी आली, शेंगाचटणी, वर दही.
ड्रोनचं एक पातं तुटलेलं. जोडपं एका चादरीत.
सर पुढच्या शनिवारची नावं लिहून घेत होते,
कुणी देत नव्हतं.

कन्ना चौकात सहाला उतरलो.
झाडूवाल्या, दुधाच्या किटल्या, रोजचाच रस्ता.
अंबव्वानं चप्पल काढून हातात घेतली,
दोन पावलं अनवाणी टाकली,
मग रिक्षाला हात केला.