दारं धरणे

न्यूकॅसलच्या स्टोवेल स्ट्रीटला, भाजलेली बदकं टांगलेल्या काचेशेजारी
अरुंद जिना. बावीस पायऱ्या.
मोरेश्वर उजवा पाय टाकत नाही, आणतो,
जत्रेत मागे रेंगाळणाऱ्या पोराला ओढून आणावं तसा.

वर मिसेस क्वोक. भिंतभर लाकडी खण,
त्यांवर मला न वाचता येणारी अक्षरं.
वास ज्येष्ठमधाचा, ओल्या पोत्याचा,
आणि एक कडू, ज्याला नाव सुचत नाही.

तिने आधी जीभ पाहिली.
मग मनगटावर तीन बोटं ठेवून
इतका वेळ गप्प राहिली की मी खण मोजू लागले.
हॉस्पिटलात एवढा वेळ कुणी त्याचा हात धरला नव्हता.
जीव त्यांनीच वाचवला, ते खरं. पण पळता पळता.

“गोळ्या कुठल्या?”
माझी यादी तिने दोनदा वाचली.
लाल मुळांचा अर्धा उघडलेला खण
कोपराने ढकलून बंद केला.
“रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. त्यावर हे मी देणार नाही.”
ज्या काढ्यासाठी सहा महिने पैसे बाजूला टाकले
तो असा मिटला.
मला राग आला.
विश्वास बसला तो बसमध्ये, घरी परतताना.

आता गुरुवारी फक्त सुया. टाळूवर अकरा.
साळिंदर दिसतोस, मी म्हणते. डावा ओठ हसतो.
“वाट मोकळी करायची,” म्हणत ती हवेत रेघ ओढते
आणि मला पाट दिसतो:
दहा वर्षांचा हा, कंदील घेऊन, रात्रपाळीचं पाणी,
एक दार फोडायचं, दुसरं चिखलाने लिंपायचं,
आणि उभं राहायचं,
शेवटच्या सरीत ओल पोचते का बघत.

स्कॅनवरचा तो काळा ठिपका: कोरडी राहिलेली सरी.
ती परत भिजत नाही, डॉक्टर म्हणाले.
शेजारच्या कधीकधी तिचं काम शिकतात.
सुयांनी शिकतील? मी मिसेस क्वोकला विचारलं.
“माहीत नाही.”
चौतीस वर्षं दुकान चालवून, माहीत नाही.
आणि लगेच चहा ओतला, तिघांना.

इंग्रजी गेली त्याची सगळी.
मराठीतले उरले आकडे, आणि एक शिवी.
जिना उतरताना तो मोठ्याने मोजतो.
अठरावर अडकतो.
खालून कुणीतरी जेवणाचे डबे घेऊन वर येतंय, भिंतीला चिकटून थांबलंय.
पुढचा आकडा माझ्या जिभेवर आहे.
मी देत नाही.
कठडा धरून उभी राहते.