घाटावर मिसिसिपी

मेथे सर आम्हाला बी.ए.ला अमेरिकेचा इतिहास शिकवायचे.
स्वतः गेलेले लांबात लांब पुण्याला,
पासपोर्ट पहिल्यांदा बघितला तो मुलीच्या हातात.
पण फळ्यावर मिसिसिपी काढताना
हात कधी अडखळला नाही.
वरून खाली एकच रेघ,
विक्सबर्गपाशी घोड्याच्या नालासारखं वळण,
वळणाच्या टोकाला टेकाड, टेकाडावर तोफा.
"ह्या वळणात बोट सापडली की संपली," म्हणायचे,
आणि घंटा व्हायची.

मला सत्तावीस मार्क पडले.
आता मी टेम्पो ट्रॅव्हलर चालवतो, सतरा सीट, एसी,
आणि सर माझ्या शेजारी बसून
पाहुण्यांना कोल्हापूर दाखवतात.

परवा बारा जण आले. सगळे सत्तरीपुढचे,
टोप्या एकसारख्या.
त्यांच्यातले उंच म्हातारे, डॉक्टर व्हिटकम,
वर्षातले सहा महिने मिसिसिपीवर बोटीतून माणसं फिरवतात,
काठ जसा सरकेल तसा इतिहास सांगतात.
हे कळल्यावर सरांनी म्युझियम अर्ध्या तासात उरकलं.
ब्रह्मपुरीच्या मातीत सापडलेला वीतभर ब्राँझचा समुद्रदेव,
रोमचा, ज्याच्यापुढं ते एरवी वीस मिनिटं बोलतात,
त्याला नुसती मान हलवली.
"ईश्वरा, गाडी घाटावर घे."

एप्रिल. पंचगंगेला पाणी बेताचंच, त्यात म्हशी.
सरांनी खिशातनं खडू काढला.
रिटायर होऊन अकरा वर्षं झाली, तरी खिशात खडू!
काळ्या पायरीवर वरून खाली एकच रेघ,
मग नाल, मग टेकाड.

व्हिटकम गुडघ्यावर हात टेकून खाली बसले.
बराच वेळ बघितलं. मग म्हणाले,
नदी आता तिथं नाही.
अठराशे शहात्तर साली तिनं वळण तोडलं, सरळ वाट धरली.
गाव राहिलं टेकाडावर, धक्क्याला पाणी नाही.
पुढं कालवा खणला. आमची बोट त्या कालव्यात थांबते.

सरांच्या पुस्तकात वेढा उठला की धडा संपत होता.
खडू हातात तसाच.
"रेघ चुकली नाही तुमची," व्हिटकम म्हणाले,
"तेव्हाची नदी हीच. मीही बोटीवर हीच काढतो,
आणि लोक खिडकीतून बघून म्हणतात, कुठाय?"
दोघं हसले. सर जरा उशिरा.

तेवढ्यात एका बाईंनं भिंतीवरची रंगाची रेघ दाखवली,
त्यांच्या डोक्याच्या कितीतरी वर.
सर सांगायला लागले, एकोणीस सालचा महापूर, ऑगस्ट, सहा दिवस.
माझ्या तोंडातनं गेलं, "नऊ, सर. आमच्या गल्लीत नऊ."

सर वळले. मला वाटलं, झालं आता.
"बोल तू," म्हणाले, "मी इंग्लिश करतो."

मी बोललो. म्हशींची दावी कापून सोडलेली,
ट्रॅक्टरच्या ट्यूबवर आणलेलं दूध,
शेजारच्या बंडूच्या बायकोला कळा सुरू झाल्या ती रात्र.
शेवटी, कट्ट्यावर बसून राहिलेले आमचे दादा,
जे उठतो म्हणाले होते.

सर एकेक वाक्य पलीकडं नेत होते.
दादांचं नेलं नाही.
ते घाटावर मराठीतच राहिलं.

व्हिटकमनी वही काढून माझ्या नावाचं स्पेलिंग विचारलं.
एक म्हैस वर आली, ओल्या खुरांनी विक्सबर्ग तुडवून
शुक्रवार पेठेकडं निघून गेली.

गाडीत सर गप्प. शिवाजी पुलापाशी म्हणाले,
"किती पडले होते रे तुला?"
"सत्तावीस."
"पेपर कुणी तपासला होता?"
"तुम्हीच."
सरांनी काच खाली केली.
एसी चालू होता, तरी मी काही बोललो नाही.