एकच मीटर

बडोदा, मकरपुरा, जीआयडीसीची मागची रांग.
अप्पा लेथपाशी. मी पायरीवर,
उद्याच्या तासाची टिपणं वाचत होते मोठ्यानं.
त्यांनी विचारलं म्हणून नव्हे.

शुक्र उलटा फिरतो, म्हटलं.
मान वर न करता अप्पा:
"फेज उलटी लागली असेल. दोन वायरी बदल."

युरेनस तर आडवाच, लोळत जातो सूर्याभोवती.
"कुणीतरी धडकलंय."
हे मात्र पुस्तकातही आहे.

मग हायपेरियन, शनीचा ओबडधोबड चंद्र.
पुढच्या हिवाळ्यात कुठल्या कुशीवर असेल
गणितालाही सांगता येत नाही.
अप्पांनी चक थांबवला, जॉब हलवून पाहिला
डाव्या हातानं, ज्याला तीनच बोटं.
"असला जॉब मी धरणार नाही."

शनीचेच आणखी दोन, वहीत अगदी तळाशी:
जवळजवळ एकाच वाटेवरचे.
मागचा पुढच्याला गाठत येतो,
आता आदळणार
तोच वाटांची अदलाबदल, आणि पुन्हा लांब लांब.
दर चार वर्षांनी. ओलांडत मात्र नाहीत कधी.

शेडच्या मधोमध पत्रा ठोकलेला.
पलीकडे मल्हारकाकांचा लेथ.
वाटणी होऊन अकरा वर्षं झाली, मीटर अजून एकच.

"दोन वाटांत अंतर किती?"
पन्नास किलोमीटर.
"आणि ते स्वतः केवढे?"
शंभराच्या वर, दोघंही.

अप्पांनी कॅलिपर उघडला, मिटला.
"मग एवढ्या फटीत मावायचे नाहीत."

पलीकडे मोटर सुरू झाली.
आमचा बल्ब
क्षणभर मंदावला.