चारशे मीटर

नकाशाने आमचं वाचनालय खाडीत टाकलं आहे.
लाल टिकली थेट पाण्यात,
जिथे ओहोटीला मुळे काढणाऱ्या बायका
गुडघाभर चिखलात वाकलेल्या असतात.
निरंजन सागवेकर म्हणाला, मावशी, करतो दुरुस्त,
उपग्रहाची चूक नाही, मीच घाईत बोट टेकवलं.
रत्नागिरीला शिकतो. गणपतीच्या सुट्टीत
हे सगळं मोबाईलवर बसवून दिलं, फुकट.
फक्त आजन्म सभासद करून घ्या म्हणाला.

टिकलीभोवती चारशे मीटरचं वर्तुळ.
त्यात जेटी येते, बर्फाचा कारखाना,
रेशनचं दुकान, मशिदीची मागची भिंत
आणि बाबल टेलरचं अर्धं दुकान:
शिवणयंत्रापाशी वाजतं, कातरीपाशी नाही.
सभासद आत शिरला की त्याच्या खिशात टिंग.
आपण राखून ठेवलेलं पुस्तक आलं आहे.

पहिल्या आठवड्यात लोक दचकले.
कोळंबीच्या लिलावात, बोली चढत असताना
एकदम तिघांच्या खिशांत टिंग.
व्यापाऱ्याला वाटलं, भाव फुटला.

दाऊद सोलकर तांडेल. दहा-दहा दिवस बाहेर.
रहस्यकथा नेतो, तीन-तीन, प्लास्टिकमध्ये गुंडाळून,
आणि उशीर होतोच. पूर्वी मुकाट दंड भरायचा,
त्याच्या ओल्या नोटा मी टेबलाच्या काचेवर वाळत घालायची.
आता नियम घालून घेतला:
फोन रेंजबाहेर गेला की दिवस मोजायचे थांबतात.
समितीच्या बैठकीत बापू म्हणाले,
उद्या सगळेच फोन बंद करून बसतील.
बसोत, म्हटलं. वाचत तर बसतील.
ठराव दोन मतांनी मंजूर.

मग पुढच्या श्रावणात, होड्या वर ओढलेल्या,
सुनयना आडविलकरचा भाऊ आला,
चपला न काढता.
ती बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहिते,
नर्सिंगच्या परीक्षेची जाडजूड पुस्तकं नेते.
म्हणाला, बाई, तुमच्या मोबाईलात दिसतं म्हणे सगळं.
मंगळवारी आमची ती इथे होती का?
कधी? किती वेळ?

दिसत होतं.
तोवर मी कधी त्या पानावर गेलेच नव्हते.
तिच्या नावापुढे वेळांची रांग,
आत, बाहेर, आत,
मुंग्यांसारखी.

फोन पालथा ठेवला.
पुस्तक कुठे आहे ते सांगते, म्हटलं,
माणूस कुठे आहे ते आम्ही नोंदत नाही.
हे खोटं होतं.
रात्री साडेआठला ते खरं करून घेतलं.
निरंजन कुरकुरला, मावशी, कामाची असते ही माहिती,
अनुदानाला आकडे दाखवता येतात.
म्हटलं, सत्तावीस वर्षं तारखेचा शिक्का मारते आहे.
कार्डावर कधी लिहिलं नाही
कोण कुठल्या वाटेने आलं, छत्रीत सोबत कोण होतं.
पुसून टाक. टिंग राहू दे.
फोनचं फोनला कळू दे, मला नको.

सुनयना शुक्रवारी आली. त्याबद्दल काही बोलली नाही.
एका पुस्तकाची मुदत वाढवली,
जाता जाता विचारलं, नवीन आवृत्ती मागवाल?
मागवली आहे.

काल दुपारी दाऊदची नौका खाडीत शिरली.
त्याला टिंग पाण्यातच झालं, बरोबर टिकलीवर.
जेटीवरून तडक आला, डिझेलच्या वासासकट.
तिसऱ्या पुस्तकात खुणेला तांबोशाचं खवलं,
अंगठ्याच्या नखाएवढं.
दोन पानं उरलीयत म्हणाला, इथेच संपवतो,
आणि पंख्याखाली बसला.

टिकली मी दुरुस्त करू दिली नाही.
भरतीला आम्ही पाण्याखाली, ओहोटीला चिखलात,
अकरा ते सहा.
सोमवारी बंद.