तितकंच, पुन्हा तितकंच

कुमासीतलं माझं स्वयंपाकघर
मार्चअखेरीपासून फार्मसी दुसऱ्या वर्षाची प्रयोगशाळा आहे.
दुधाच्या डब्याला टेकवलेला फोन,
आणि खलाच्या जागी मिरची वाटायचं आसांका,
मातीचं, आतून खरबरीत.
चिनीमातीचे खल कॉलेजात कुलपात आहेत,
किल्ली चौकीदार क्वाबेनाकडे,
आणि क्वाबेना गावी अडकलाय.

"औषध चिमूटभर," मी सांगते, "म्हणून कोळशाची पूड घ्या.
बाकी भुकटी पुष्कळ, म्हणून कसाव्याचं पीठ.
एकदम ओतायचं नाही.
पुडीइतकंच पीठ. घोटा.
झालं त्याच्याइतकंच पुन्हा. घोटा.
दोनाचे चार, चाराचे आठ..."
आठावर जीभ अडली.
हाच पाढा पलीकडच्या खोलीत
रेडिओ सकाळपासून म्हणतोय.

आसांकात जुनी मिरची राहिली होती. मी शिंकले.
एकेचाळीस चौकटी गप्प.
मग कुणीतरी खुदकन हसलं,
आणि सेर्वाने विचारलं, "मॅडम, बऱ्या आहात ना?"
तिच्या विचारण्यात हसू नव्हतं.

वुम्पिनी येंडीहून वर्गात येतो,
मामाच्या औषधदुकानात बसून,
कारण नेटवर्क तिथेच लागतं. लागलं तर.
आज त्याचा माइक बंद करायचा राहिला.
काउंटरपाशी एक बाई.
क्लोरोक्विन, एवढा एकच शब्द मला कळला.
दागबानी मला येत नाही.
नाणी वाजली, बरीच, घरून मोजून आणलेली.
वुम्पिनी काही बोलला.
ती चढ्या आवाजात बोलली.
तो पुन्हा बोलला,
तितकंच, तितक्याच हळू.
मग पुन्हा.
नाणी फळीवरून मागे ओढली गेली.
तरी ती गेली नाही, आणि तोही तिला विचारत राहिला,
काय विचारत होता? ताप कुणाला? किती दिवस?
मग पाकीट ठेवल्याचा आवाज. एक. दोन.
मग ती काहीतरी म्हणाली,
आणि ते भांडण नव्हतं.

कुणीच घोटत नव्हतं.

रुग्णाशी बोलण्याची तोंडी परीक्षा यंदा रद्द आहे.
त्या रकान्यात सगळ्यांपुढे 'लागू नाही' लिहायचं,
तसं विद्यापीठाचं पत्र आलंय.
चाळीस नावांपुढे लिहिलं.
एका नावापुढे पेन टेकवून बसले,
तेवढ्यात फोन म्हणाला, डेटा संपला.

आसांकात राखाडी पीठ,
कडेला अजून एक पांढरी रेघ.