सरूचं झाड

गोवंडे मास्तरांची सगळी चित्रं माझ्या हाताखालून गेली.
नारायण पेठेत, जिन्याखालच्या दुकानात
सागवानी पट्टी पंचेचाळीस अंशांत कापताना
तिरक्या नजरेनं पाहत असे मी:
टेकड्या, पिवळी शेतं, कडेला दगडी खोली
आणि उजवीकडे, नेहमी उजवीकडेच,
मिटलेल्या छत्रीसारखं काळंहिरवं झाड.

"हे काय, सुरू?"
"सरू. सुरू तुमच्या अलिबागेत."
एका उकारासाठी मास्तर दहा मिनिटं उभे राहत.

तरुणपणी अकरा महिने ते इटलीतल्या एका खेड्यात होते,
कुणा अस्सुंताबाईच्या माळ्यावर.
ती खिडकीत ताटली वाजवून जेवायला बोलवी.
एवढंच सांगत. उरलेलं चित्रांत असावं,
असं मी धरून चाललो. गिऱ्हाइकंही.
प्रभात रोडच्या एका दातांच्या दवाखान्यात
तीन इटल्या आहेत, तिन्ही माझ्या चौकटीतल्या.

मग एका फाल्गुनात त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवलं.
दिवे घाट चढलो.
अंजिराची बाग, पलीकडे नांगरलेला माळ,
पंपाची दगडी खोली.
हे तर मी चाळीसदा काचेखाली घातलेलं!
उजवीकडे पाहिलं.
विजेचा खांब.

मास्तर फडक्यातून माती गाळत होते,
जवसाच्या तेलात खलायला.
"ट्यूब महाग. आणि ट्यूबवर ज्या गावाचं नाव
तिथेही आधी कुणीतरी फावडंच मारलं असणार."
अंजीर तोडलं. देठाचा पांढरा चीक
अंगठ्याला लागला, तो पुसला नाही.
"तिथे बसून मी काय काढत होतो, ठाऊक आहे?
हेच. आठवणीतनं.
अस्सुंताबाई विचारायची, हा खांब कसला?
इथे तुम्ही विचारता, झाड कसलं."

येताना घाटात ते काही बोलले नाहीत.
मीही. वाऱ्यात ऐकू येत नाही तसंही.

शेवटचं चित्र माझ्याकडेच आहे.
त्यात खांब आहे, दोन तारा, एका तारेवर वेडा राघू.
झाड नाही.
दिवाळीनंतर नेतो म्हणाले होते.
त्यानंतर तीन दिवाळ्या झाल्या, त्यांच्याशिवाय.

लोक थांबतात, बघतात.
"हे कुठलं हो?"
मी दर सांगतो.
तेवढ्यात ते खांब पाहतात आणि
शेजारचं गणपतीचं कॅलेंडर बांधून मागतात.